आधी पाटी रंगवा, मग बघू

मुलाखत चित्रकला शिक्षकाची होती आणि मला देणगीदारांची पाटी रंगवायला बसवलं. आठवलं की अजून डोकं फिरतं.

सांगलीत ए.टी.डी., पुण्यात बी.एफ.ए., मग परत म्हसवड. इथल्या नोकऱ्यांचं काय ते वेगळं सांगायला नको. माण तालुक्यातल्याच एका शिक्षणसंस्थेत जागा निघाली. आधी पाठ घ्यायला लावला. सहावीच्या मुलांना म्हटलं, सिद्धनाथाचा रथ काढा, नाहीतर घरचं काहीही. एका धनगराच्या पोराने वाघर काढली, म्हणजे मेंढ्या कोंडायचं जाळीचं कुंपण. चारी बाजूंच्या मेंढ्या आडव्या, पाय आतल्या अंगाला. समितीतले एक गृहस्थ हसले, "मॅडम, ह्या मेल्यात का?" पोर वाघरीच्या मधोमध उभं राहून चौफेर बघत होतं, म्हणून चित्र तसं. एवढं साधं, पण मला ते धड सांगता आलं नाही.

मग, "अक्षर बघू तुमचं." ऑइलपेंटचा डबा त्यांचा, ब्रश माझे. दुपारभर नावं लिहिली. एकाची रक्कम मोठी म्हणून आडनाव पुसून मोठ्या अक्षरात लिहायला लावलं. चहा आला तो समितीला. संध्याकाळी अध्यक्ष म्हणाले, "पद मंजूर नाही. तासिकेवर घेऊ. कळवतो." कळवलं नाही. मजुरी तर सोडाच, टर्पेंटाइनसुद्धा माझंच गेलं.

तासिकेवर म्हणजे काय, तेही ऐका. २०१५ च्या शासन निर्णयात कलेच्या अतिथी निदेशकाला तासिकेला ५० रुपये ठरले. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तरच अंशकालीन निदेशक. मेंढ्यांमागे आणि ऊसतोडीला घरंच्या घरं जातात, त्या गावांनी १०० पोरं आणायची कुठून? पालकांना चित्रकला आठवते ती इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला ७ गुण वाढतात म्हणून.

अशात मैत्रिणीने दिल्लीच्या जामिया मिलियातल्या कलाशिक्षणाच्या एम.एफ.ए.ची माहिती पाठवली. आण्णा म्हणाले, "आधी नोकरी बघ, मग शीक." मलाही ते पटलं. शाळेला ए.टी.डी. पुरते, वरच्या पदवीने पट वाढत नाही. अनुदानित शाळेत कायम असाल तरच पुढे शिका, असंच मी धाकट्या मुलींना सांगते.

पण ती वाघर डोक्यातून जात नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ ते १९६२ सेवाग्रामला नई तालीमच्या मुलांना चित्रकला शिकवत होते. मुलं कोणत्या वयात काय नि कसं काढतात, हे त्यांनी मुलांच्या चित्रांवरूनच अभ्यासलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं. मला हातात ब्रश कसा धरायचा ते शिकवलं गेलं. पोराचं चित्र कसं वाचायचं, ते कुणी शिकवलं नाही. औंधच्या संग्रहालयात मी कितीदा गेले. स्वतः चित्रं काढणारा राजा आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यात होऊन गेला, आणि आमच्या पोरांना आठवड्याला चित्रकलेचा एक तास मिळायची मारामार.

तेव्हा धाकट्यांना काहीही सांगत असले, तरी मी फॉर्म भरणार आहे. आण्णांना अजून बोलले नाही. कलाशिक्षणात एम.एफ.ए. करून महाराष्ट्रात परतलेलं कुणी हे वाचत असेल, तर एवढंच कळवा: परत आल्यावर काम कुठे मिळालं आणि पगार किती?