कुंडीतला वडवंशी

पुण्यातलं बिऱ्हाड आवरून गावी, जवळा बाजारला परत आलो, तेव्हा टेम्पोत फ्रिजला टेकून फायकसची कुंडीही आली. फायकस बेंजामिना, लहान, तुकतुकीत, टोकाशी लवलेली पानं. माय दारातच म्हणाली, "हे तर पिंपळाच्या भावकीतलं दिसतंय. घरात ठेवतोस?"

शंका रास्त होती. आपल्याकडे या भावकीची जागा उंबऱ्याबाहेर. वडाला पार, दत्ताला उंबर, पिंपळावर मुंजा. भिंतीत पिंपळ दिसला की कोवळा असतानाच उपटायचा. लहानपणी न्हाणीमागच्या भिंतीतली रोपं काढायचं काम माझ्याकडे असे. पान हातात यायचं, मूळ आतच राहायचं आणि पावसाळ्यात पुन्हा कोंब हजर.

हीच चिवट खोड या झाडांना दिवाणखान्यात तगवते, हे फार उशिरा कळलं. फळं खाणाऱ्या पाखरांच्या विष्ठेतून बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडतं. माती चिमूटभर, ऊन वरच्या फांद्यांतून गळून येईल तेवढंच. ज्यांचं बालपण असं सावलीत जातं, त्यांना कुंडी आणि खिडकी पुरते. फक्त हे बालपण मग कधी संपू द्यायचं नाही. दर दोन-तीन वर्षांनी मुळं छाटायची, शेंडा खुडायचा. चीक हाताला लागला की खाज सुटते, म्हणून धुवायचा.

फायकस रुसतो तो जागा बदलली की. इथे आल्यावर पंधरवड्यात निम्मी पानं खाली. एका उजेडासाठी घडलेली पानं दुसऱ्या उजेडात परवडत नाहीत. झाड ती टाकतं आणि नव्या उजेडाजोगी नवी काढतं. घरचे मात्र घाबरून पाणी ओततात आणि मुळं कुजवतात. मायचाही तांब्या तयारच होता. बोट मातीत खुपसून वरचा थर कोरडा लागला तरच पाणी, हा नियम तिला पटायला एक उन्हाळा गेला.

मराठवाड्यातला उन्हाळा कुंडीलाही सोडत नाही. बाहेर पारा बेचाळिसाच्या वर आणि आत कुलरचा झोत. त्या झोतात फायकस पुन्हा झडतो. बोअरचं पाणी जड, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतं. म्हणून पावसाचं पाणी पिंपात साठवतो. हळदीच्या हंगामात शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये पॉलिशला पडली की पिवळी भुकटी पार घरापर्यंत येते. पानं ओल्या फडक्यानं पुसली की फडकं हळदीचं होतं. पुण्यात ते काळं व्हायचं.

नर्सरीत तीन रोपांची खोडं वेणीसारखी गुंफून विकतात. मला ते आवडत नाही; खोडं जाड झाली की एकमेकांना काचतात. माझं झाड एकखोडी, जरा कललेलं. एकदा ओसरीवर उन्हाला ठेवलं, तर शेजारची शेळी खालच्या फांद्या साफ करून गेली. वड-उंबराचा पाला रोज खाणारी ती, तिला भावकी आमच्याआधी कळली असणार.

आता मोंढ्यातल्या एका दुकानदाराला फांदी हवीय. पाऊस लागला की लावून देईन. त्याला सांगितलंय, एकदा ठेवलं की हलवू नका. त्यानं जागाही ठरवलीय: गल्ल्याशेजारी, कुलरच्या अगदी समोर.