आमच्याच दिसल्या पाहिजे

कागदाच्या लगद्याचे मुखवटे वाळवायला लोहाऱ्यासारखं गाव शोधून सापडायचं नाही. वैशाखात यवतमाळकडचं ऊन असं तापतं की माणूस दुपारी उंबऱ्याबाहेर पडत नाही; मुखवटे मात्र खणखणीत वाळतात. थेट उन्हात ठेवायचे नाहीत एवढंच. आधी सावलीत ओल ओसरू द्यायची, नाहीतर गालाची कड उचलते आणि देवी रुसल्यासारखी दिसते. रद्दी भिजवायची, वाटायची, पिळायची, मग खळ आणि मेथीची पूड घालून मळायची. मेथीनं चिकटपणा येतो, कीडही लांब राहते. घरभर कडवट वास दरवळतो आणि घरचे कुरकुरतात, ते सोसायचं.

छंदाचा काळ सुखाचा. वाघ करा, राक्षस करा, कुणाला विचारायचं नसतं. भिंतीवर टांगावं, येणाऱ्यानं 'वा' म्हणावं. पण जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाडा उत्सवातले मुखवटे पाहिले की भिंतीवरचे फिके वाटायला लागतात. ते संबळाच्या ठेक्यावर रात्री नाचायला केलेले असतात आणि अख्खं गाव त्यांची वाट पाहत जागतं. आपल्या मुखवट्याची वाट पाहणारं कोण?

आमच्या वऱ्हाडात ही वाट भाद्रपदात पाहिली जाते. अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मुळावर निघतात. कोठ्यांत गहू-तांदूळ, अंगावर भरजरी लुगडं, दागिने आणि सगळ्यांत वर मुखवटा. मातीचा जुना असेल तर रंग उडतो, नाकाचा टवका निघतो. मग श्रावणात या दोघी महालक्ष्म्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, जुन्या साडीत गुंडाळून माझ्याकडे येतात. "ताई, नव्या दिसल्या पाहिजे, पण आमच्याच दिसल्या पाहिजे," काकू बजावतात.

इथे खरी परीक्षा. एका घरच्या ज्येष्ठेची भुवई धाकटीपेक्षा अंमळ जाड, ओठाच्या उजव्या कोपऱ्यात जरासं जास्तीचं हसू. कधीकाळी कुण्या रंगाऱ्याचा हात घसरला असेल. आता तेच हसू त्या घराचं दैवत आहे. सरळ करायला गेलं तर पूजेला बसलेली सून चटकन ओळखेल. म्हणून आधी मोबाईलवर फोटो, मग बटर पेपरवर डोळ्यांची रेघ उतरवून घ्यायची आणि त्यानंतरच जुन्या रंगाला पॉलिश पेपर लावायचा. पांढऱ्याचा एक हात, त्यावर अंगाचा पिवळसर रंग, गालांवर लाली. बुबुळं सगळ्यांत शेवटी, एका दमात. नजर किंचित खाली हवी, समोर बसून हळदीकुंकू वाहणाऱ्या बाईला ती सापडली पाहिजे. स्वतःचं काही करून दाखवायची खुमखुमी इथे जिरवावी लागते. मला तरी त्यात वाघ-राक्षसांपेक्षा जास्त गंमत वाटते.

पैशांचंही बोललं पाहिजे. सुरुवातीला नारळ आणि ब्लाऊजपीस मिळायचा. देवाच्या कामाचे पैसे कसे मागायचे, हा प्रश्न रंगाच्या दुकानदाराला कधी पडत नाही. मग मलाच का पडावा? आता दर आधी सांगते, निम्मे आगाऊ घेते. आणि पोळ्यानंतर काम घेत नाही, कारण महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या असतात आणि दमट हवेत रंग वाळता वाळत नाही. तरी एखादी काकू पिशवी घेऊन येतेच. "बाकी राहू द्या वो, तेवढे डोळे करून द्या." डोळे म्हणजेच तर सगळं काम, हे तिला समजावत बसण्यापेक्षा ब्रश भिजवलेला बरा.