काटोलची सडक आणि मोटारीचा कर

नागपुराहून पश्चिमेच्या अंगास सुमारें ६० किलोमीटर गेलें म्हणजे जाम नदीच्या कांठीं काटोल हें तालुक्याचें गांव लागतें. गांव प्राचीन आहे. चंद्रहासाच्या कथेंतील कुंतलपुर तें हेंच, अशी येथील वृद्धांची परंपरागत समजूत. परंतु आज काटोलचें नांव घेतल्याबरोबर कोणास कुंतलपुर आठवत नाहीं, संत्रीं आठवतात! गांवाबाहेर पडावें तों संत्र्यांच्या बागा. कृषि विद्यापीठाचें फळसंशोधन केंद्रही येथेंच. नागपूर-इटारसी लोहमार्गावरील स्टेशन, एस. टी. ची गाडी आणि नागपूरकडे जाणारी सडक, असा या गांवाचा जगाशीं त्रिविध संबंध आहे.

संत्र्याचा पैसा नोकरदाराच्या पगाराप्रमाणें महिन्याच्या महिन्यास येत नाहीं. आंबिया बहाराचीं फळें दिवाळीच्या सुमारास उतरतात, मृग बहाराचीं होळीच्या आगेंमागें. आणि ज्या वर्षीं बहार साधतो त्या वर्षीं घरांत एकरकमी पैसा येतो. मोटार घेण्याचा विचार येथील घरांत याच दिवसांत उद्भवतो. पैसा एकदम आलेला असतो आणि राज्य सरकारचा करही एकदमच द्यावयाचा असतो. म्हणून दोहोंची गांठ सहज पडते. पुढें रोजच्या रोज जो खर्च येतो, त्याची गांठ मात्र कोणत्याच बहाराशीं पडत नाहीं!

महाराष्ट्रांतील या कराचा मूळ कायदा १९५८ सालचा. खासगी मोटारीचा कर नोंदणीच्या वेळींच एकरकमी भरावा लागतो. व्यक्तीच्या नांवें घेतलेल्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीस किमतीच्या शेंकडा ११, डिझेल गाडीस शेंकडा १३. समजा, एका गृहस्थानें ६ लाखांची लहान पेट्रोल गाडी घेतली. कर झाला ६६,००० रुपये. तो भरून, नागपूर ग्रामीण विभागाचा ४० हा आंकडा कपाळीं मिरवीत गाडी काटोलास येते. रक्कम ऐकून गृहस्थ दचकतो. परंतु नोंदणीच्या १५ वर्षांवर ती वांटली तर दिवसास अवघे १२ रुपये पडतात. किमतीच्या पोटांत दडलेला जी. एस. टी. याहून मोठा. लहान पेट्रोल गाड्यांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा १८ इतका खालीं आला, तरी ६ लाखांत सुमारें ९१,५०० रुपये त्याचेच असतात.

आतां खुद्द किंमत पाहूं. १५ वर्षांनीं गाडी मोडींत गेली असें धरलें, तर दिवसास ११० रुपये झाले. म्हणजे कर व किंमत मिळून १२२ रुपये रोज. आणि हे गाडी दारांत उभी राहिली तरीही! विमा निराळा: २०२२ सालच्या दरानें १००० ते १५०० घनसेंटिमीटर इंजिनाच्या नव्या गाडीस तीन वर्षांच्या तृतीयपक्ष विम्याचे मूळ १०,६४० रुपये पडतात. १५ वर्षें पुरीं झाल्यावर नोंदणी पुन्हा करावयास पूर्वीं ६०० रुपये लागत. १ एप्रिल २०२२ पासून ५,००० लागूं लागले. शिवाय पर्यावरण कर आहेच.

नागपूरची जा-ये १२० किलोमीटरांची. लिटरास १८ किलोमीटर चाल व १०० रुपये भाव धरला तरी ६७० रुपयांचें पेट्रोल जळतें. आठवड्यांतून एकच फेरी होत असेल, तर सात दिवसांच्या उभ्या खर्चासह ती १,५०० रुपयांच्या वर जाते. एकट्यानें केली तर ती चैन. पांच जणांनीं केली तर माणशीं सुमारें ३०० रुपये. सारांश, गाडी महाग कीं स्वस्त हें तिच्या करावर ठरत नाहीं, तिच्यांत कोण बसतें यावर ठरतें.

कर देणाऱ्यानें मोबदला कोणता मागावा, याचें उत्तर आपल्याकडे फार जुनें आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत मालाच्या वाहनामागें सव्वा पण ‘वर्तनी’, म्हणजे रस्त्याचा कर, सीमेवरील अंतपालानें घ्यावा असें विधान आहे. परंतु लगेच पुढें असेंही सांगितलें आहे कीं, वाटेंत व्यापाऱ्याचें जें चोरीस जाईल वा नष्ट होईल तें त्यानेंच भरून द्यावें. अलीकडील काळांत १९२७ मध्यें बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें हेंच तत्त्व निराळ्या शब्दांत मांडलें. आणि १९२९ पासून पेट्रोलच्या गॅलनमागें दोन आणे जादा कर रस्त्यांसाठीं म्हणून वेगळा निघूं लागला. देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद १९४३ मध्यें आपल्या नागपुरासच भरली होती. राष्ट्रीय महामार्गापासून खेड्याच्या वाटेपर्यंत रस्त्यांची प्रतवारी लावणारी ती ‘नागपूर योजना’ आजही प्रसिद्ध आहे. तेव्हां काटोलच्या सडकेवर खड्डा दिसला असतां नशिबास बोल न लावतां रीतसर अर्ज करावा. तो करदात्याचा हक्कच आहे.

जो न्याय राज्यास तोच एकत्र कुटुंबासही लागू आहे. येथील एका परिचित घरीं तिघां भावांनीं बहाराच्या समाईक पैशांतून गाडी घेतली. कर, विमा सारें समाईक; नोंदणी व किल्ली मात्र थोरल्या बंधूंकडे. धाकटी सून शेजारच्या गांवीं शाळेंत शिकवते. तिच्याजवळ परवाना असूनही ती रोज एस. टी. नें उभ्यानें जाई. २०२३ पासून स्त्रियांस अर्धें तिकीट आहे, तेव्हां तिचें काम स्वस्तांत भागतें, असा घरचा हिशोब! एका रात्रीं सासूबाईंस श्वास लागला. थोरले बंधू परगांवीं, किल्ली त्यांच्या बंद कपाटांत. शेजाऱ्यास उठवून त्याच्या गाडीतून त्यांस नागपुरास न्यावें लागलें. त्या बऱ्या होऊन आल्या आणि थोरल्या चिरंजीवांस एवढेंच म्हणाल्या, “अरे, गाडी माझ्या बागेच्या संत्र्यांवर आली, आणि माझ्याच उपयोगी पडली नाहीं.”

त्या दिवसापासून किल्ली माजघरांतील खुंटीवर आली. शेजारीं एक वही टांगली. कोण, कोठें, किती किलोमीटर, हें तींत लिहावयाचें. उभा खर्च समाईक, पेट्रोल ज्याचें त्यानें. आठवड्यांतून दोन दिवस गाडी धाकट्या सुनेकडे असते, आणि त्याच वाटेवरील आणखी दोन शिक्षिका आपला वांटा देऊन तिच्याबरोबर जातात. गाडीचा खर्च एका पैनेंही कमी झाला नाहीं. परंतु ती आतां घरास महाग वाटत नाहीं.

येत्या बहारांत मोटार घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थांनीं दुकानदाराकडून किमतीचा कागद आणण्यापूर्वीं घरांतील सर्वांस, सुना-लेकींसह, एकत्र बसवावें; गाडी आठवड्यांतून किती दिवस व कोणासाठीं चालेल तें लिहून काढावें, आणि त्यास १२२ रुपये रोजानें ताडून पाहावें. हिशोब जुळला तर अवश्य घ्यावी. न जुळला तर एस. टी. व आगगाडी आहेच, आणि बहाराचा पैसा बागेच्या विहिरीसही लागतो.