बरडावरच्या गारा आणि पाण्यातलं ब्लेड



यावेळेस हळद नाही आणि सोयाबीनही नाही. यावेळेस गारांबद्दल लिहायलोय. आभाळातून पडतात त्या नव्हे, जमिनीतल्या. उन्हाळी नांगरट झाली, वळवाचे दोन पाऊस पडून ढेकळं विरघळली की आमच्या बरडावर ह्या गारा उघड्या पडतात. पांढऱ्या, राखाडी, काही मधाच्या रंगाच्या. कळमनुरीकडून सेनगावकडं कुठंबी जा, कयाधूच्या दोन्ही अंगाच्या माळरानावर ह्या दिसतातच. ज्याच्या कोळप्याची पास गारंला लागून वाकली नाही असा शेतकरी आमच्या शिवारात नसंल.

आमच्या दादांनी जलमभर ह्या गारा वेचून बांधाला टाकल्या. माणसं लावून वेचल्या, टोपल्यानं वाहिल्या. त्यामुळं मला दगड हुडकायला डोंगरात जावं लागत नाही. चाळीस वर्षांचा ढीग बांधावर पडलेला आहे. पाऊस पडून गेल्यावर त्या ढिगावर नुसती नजर टाकायची. ओल्या गारंचा खरा रंग दिसतो, वाळली की सगळ्या सारख्याच भुरकट.

गार कापून बघायचा नाद मला चार-पाच वर्षांपासून लागला. लोक विचारतात, कामून कापायलास? आत काय निघतंय ते बघायला. एवढंच कारण आहे, दुसरं नाही. बाहेरून लिंबाच्या सालीसारखी खडबडीत गार, आणि कापली की आत एकाखाली एक रेघा. मोजायला बसलं तर मोजून होत नाहीत. कुणात मधोमध स्फटिकाचे बारीक दाणे, कुणात हिरवं शेवाळ अडकल्यासारखं दिसतं. ते शेवाळ नसतं बरं का, खनिजाचे तंतू असतात. खरं सांगायचं तर दहा गारा कापल्या की एक मनासारखी निघते, बाकीच्या सपक पांढऱ्या.

ह्या गारंला बाजारात अकीक म्हणतात. ती तयार कशी झाली हे कळायला आपली विहीरच पुरे. आपला सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांचा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थरावर थर असा पसरला. प्रत्येक थर थंड होताना त्यातला वायू वर आला आणि वरच्या भागात फुगे राहिले, तव्यावरच्या भाकरीला फोड येतात तसे. पुढं त्या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिलं. त्या पाण्यात विरघळलेली सिलिका पोकळीच्या भिंतीला आतून थर धरत गेली. म्हणजे सगळ्यात बाहेरची रेघ सगळ्यात जुनी आणि मधली सगळ्यात नवी. भोवतालचा खडक झिजून त्याची माती झाली, पण गार झिजली नाही, म्हणून ती मोकळी होऊन वावरात आली.

विहीर खोदणाऱ्यांना हा फोडाफोडाचा खडक चांगला ठाऊक आहे. ते त्याला मांजऱ्या म्हणतात. खाली काळा पाषाण लागला की सुरुंगाशिवाय भागत नाही, आणि पाणी लागलं तर फटीतून. मांजऱ्या मात्र कुजलेला असला की पाझरतो. त्याच्या पोकळ्यांत गारंऐवजी कधी पांढरे, मोरपिसासारखे किंवा चौकोनी चकाकणारे खडे निघतात. ते झिओलाइट आणि त्याच्या सोबतची खनिजं. सिन्नरला के. सी. पांडे यांनी उभं केलेलं 'गारगोटी' संग्रहालय आहे, तिथं ह्याच जातीचे खडे काचेत ठेवलेत. आपण ते विहिरीच्या मलब्यात ट्रॅक्टरनं रस्त्यावर टाकतो. नाशिककडं गेलात तर एकदा बघून या.

झिओलाइटचं नाव निघालंच आहे तर कृषीवाल्या मित्रांसाठी एक गोष्ट. हल्ली झिओलाइटच्या पिशव्या जमीनसुधारक म्हणून विकायला येतात. त्यातला जो क्लिनोप्टिलोलाइट, त्याची आणि आपल्याकडं सापडणाऱ्या ह्यूलँडाइटची घडण एकाच साच्यातली. अमोनियम आणि पालाश धरून ठेवायचा गुण खराच आहे. पण आपली काळी जमीन ज्या खडकाची झाली त्या खडकातच हे आहे. नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोतल्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या बेसाल्टवरच्या जमिनींत झिओलाइट दाखवून दिलेत, ते हळूहळू कॅल्शियम सोडत राहतात म्हणून. तेव्हा पिशवी घेण्याआधी माती परीक्षण करा, एवढंच म्हणणं.

आता कापायचं कसं ते सांगतो.

आधी गार आहे का चुनखडी ते बघायचं. चाकूनं ओरखडा ओढा. चुनखडीवर ओरखडा उठतो. गारीवर उठत नाही, उलट चाकूचं लोखंड तिच्यावर पेन्सिलीसारखं उमटतं. व्हिनेगरचा थेंब टाकला की चुनखडी फसफसते, गार गप्प बसते. मग गार उन्हात धरायची. कडेला उजेड आरपार आला तर चांगली. दोन गारा एकमेकीवर हळू ठोकायच्या. खणखणीत वाजली तर सलग, भद् वाजली तर आत चीर आहे. चीर असलेली गार कापता कापता फुटते, ती बांधालाच राहू द्या.

माझं मशिन म्हणजे फरशी कापायचं, खाली पाण्याचा ट्रे असलेलं टेबलाचं मशिन. सहा इंची ब्लेड, अखंड कडेचं, दाते नसलेलं. ह्या ब्लेडला धार नसते. कडेला हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात आणि ते दगड घासत जातात. म्हणून दाबून काम होत नाही. मुठीएवढी गार आरपार जायला पंधरा-वीस मिनिटं जातात. गार गोल असते, हातात फिरली की ब्लेड अडकतं. म्हणून मी बाभळीच्या लाकडाचा शिकंजा करून घेतला आणि त्यात ती आवळतो. पहिला काप सपाट करून घ्यायचा, मग ती सपाट बाजू टेकवून पाच-सहा मिलिमीटरच्या चकत्या पाडायच्या. ब्लेड चालेनासं झालं, नुसतंच गुळगुळीत फिरायला लागलं, तर विटेचा तुकडा दोन-तीन वेळा कापायचा. वरचं घासून नवे कण उघडे पडतात.

चकती घासायला जाड काच घेतली आहे. तिच्यावर कार्बोरंडम पावडर आणि पाणी. आधी ८० नंबर, मग २२०, मग ४००, मग १०००. शेवटी चामड्यावर काचवाल्यांकडची सेरियमची पावडर. प्रत्येक नंबरानंतर हात, चकती आणि काच तिन्ही धुवायचं. ८० नंबरचा एक कण पुढं गेला तर दिवसभराचं काम वाया, बेण्यात एक सडका गड्डा राहिल्यासारखं. बारक्या गारा घासायला मी सोपा मार्ग केलाय. हळद पॉलिश करायचा ड्रम सगळ्यांनी बघितला आहे, तसाच लहान ड्रम, फक्त त्यात पाणी, पावडर आणि गारा. हळद काही तासांत निघते, गारंला एकेका नंबराला आठवडा लागतो. घरचे म्हणतात, हळदीपेक्षा दगडाचाच लाड जास्त. म्हणू देत.

हे काम आपल्या मुलखाला नवीन नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याचं 'पेरिप्लस' म्हणून पुस्तक आहे. त्यात लिहिलंय की पैठणहून गाड्या भरभरून अकीकाच्या जातीचा दगड भडोचच्या बंदराला जायचा. म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या मातीतले खडे दोन हजार वर्षांपूर्वी बैलगाडीनं गुजरातेत आणि तिथून जहाजानं परदेशात. पुढं हा धंदा गुजरातेतच खंबातला स्थिरावला आणि आजही तिथं आहे. पिवळसर गार तिथं भट्टीत तापवून लाल करतात. आपल्या वीटभट्टीत माती लाल होते तेच कारण, आतलं लोह तापून रंग बदलतं.

पण खंबातचं नाव घेतलं की दुसरी गोष्टही सांगावी लागते, आणि खरं तर तिच्यासाठीच हे लिहायला बसलो.

शेजारच्या वाडीतला एक पोरगा आहे, आयटीआय झालेला. मला काका म्हणतो. माझ्याकडच्या चकत्या बघून त्यानंही सुरू केलं. मागच्या पावसाळ्यात त्यांचं सोयाबीन पाण्यात बसलं, घरात पैशाची ओढाताण. कुणीतरी त्याला शंभर लॉकेटांची मागणी दिली. पोरगा हुशार, हाताला चांगला. पण त्यानं कापायला घेतलं हँड ग्राइंडर, तेही कोरडं.

"काका, तुमचं मशिन म्हणजे बैलगाडी. माझं दोन मिनिटात एक निघतंय."

म्हणलं, "तोंडाला काय बांधतोस?"

"रुमाल. हळद पॉलिशला बांधतोत की आपण."

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो ओसरीवर कापत होता. आई पलीकडं तांदूळ निवडत होती. आत बहिणीचं लेकरू पाळण्यात, आणि पाळण्याच्या मच्छरदाणीवर पिठासारखी पांढरी भुकटी बसलेली. मी बोट फिरवलं तर रेघ उमटली.

मंडळी, हळदीची धूळ आणि गारंची धूळ एक नाही. गिट्टी क्रशरची धूळ आणि गारंची धूळही एक नाही. आपला काळा पाषाण बेसाल्ट आहे, त्यात मोकळी सिलिका जवळजवळ नसते. ती धूळ चांगली असं नाही, पण गार म्हणजे जवळजवळ सगळी सिलिकाच. तिचा डोळ्याला न दिसणारा कण फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो आणि बाहेर निघत नाही. भोवती गाठी धरतात, दम लागायला लागतो. ह्याला सिलिकोसिस म्हणतात आणि ह्याला बरं करणारं औषध नाही. क्षयाचा धोकाही वाढतो. अनेकदा माणूस क्षयाच्याच गोळ्या खात राहतो आणि खरं दुखणं कुणाच्या ध्यानात येत नाही.

खंबातला आणि जवळच्या शकरपूरला घराघरात चाकावर अकीक घासायचं काम चालत आलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तिथल्या कामगारांची तपासणी केली. घासणाऱ्यांत हा आजार सापडलाच, पण ज्यांनी कधी दगड हातात धरला नाही अशा शेजाऱ्यांतही सापडला. धुळीला उंबरठा नसतो. रुमालाचं म्हणाल तर त्याचं विणकाम त्या कणापुढं चाळणीसारखं. कमीत कमी एन ९५ मास्क पाहिजे, आणि मास्कच्या आधी पाणी पाहिजे. पाण्यात कापलं की भुकटीचा चिखल होतो आणि ती उडत नाही.

पोराला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग आई वरून पाणी वतंल ग्राइंडरवर." हे तर त्याहून वाईट. हँड ग्राइंडर पाण्यासाठी बनलेलाच नसतो, मोटारीत पाणी गेलं की करंट. पाण्याचं मशिन वेगळंच घ्यावं लागतं आणि त्याच्या लायनीला शॉक लागताच बंद पडणारा ब्रेकर बसवावा लागतो. मी तो बसवून घेतलाय. घरच्या बोर्डावर वायर खोचून हे काम करू नका.

शेवटी ठरलं ते असं. एक दिवसाआड माझं मशिन त्याचं. ओसरीवर कापणं त्याच दिवशी बंद झालं, कारण मच्छरदाणी त्याच्या आईनंही बघितली आणि मला काही बोलायची गरज उरली नाही. ओसरी झाडली नाही, ओल्या फडक्यानं पुसून घेतली. झाडलं असतं तर पुन्हा उडालं असतं. छातीचा फोटो काढून आलाय, आता तरी काही नाही म्हणाले. दोन महिनेच झालेत कोरडं कापून, वर्षाला परत काढायचा असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. पण शंभर लॉकेटं मुदतीत झाली नाहीत. एक्केचाळीस झाली. गिऱ्हाइकानं तेवढीच घेतली, बाकीची दुसऱ्याला दिली. पोरगा माझ्यावर थोडा घुश्श्यात आहे. तोंडावर बोलत नाही, पण मशिनवर आला की पहिल्यासारखा गप्पा मारत नाही. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पैशाची गरज त्याला आहे, मला हौस आहे. हौशीच्या माणसाला सावकाश काम करणं परवडतं.

चिखलाबद्दल कुणी विचारतंच. ट्रेच्या तळाशी बसलेला राबडा नालीत टाकायचा नाही, सिमेंटसारखा बसून नाली बंद होते. वाळूही द्यायचा नाही, वाळला की परत धूळच. मी बांधाच्या कडेला फूटभर खड्डा केलाय, ओला असतानाच त्यात टाकतो आणि वर माती ओढतो.

अजून एक. हे फोटो बघून मागं एक व्यापारी आला होता. ढिगातल्या गारा किलोवर मागितल्या, त्या दिल्या असत्या. पण त्याला विहिरीच्या वरच्या अंगाचं बरड जेसीबीनं उकरायचं होतं. त्या बरडाखालीच मांजऱ्या आहे आणि त्याचंच पाणी विहिरीला येतं. मार्चमध्ये हळदीचं शेवटचं पाणी त्याच्यावर निघतं. शिवाय सातबारा आपला असला तरी जमिनीखालचं खनिज सरकारचं, महसूल संहितेचं कलम ४८ तसंच सांगतं. वावरात वर आलेली गार वेचणं वेगळं आणि माल विकायला बरड खोदणं वेगळं. ज्याला खोदायचं आहे त्यानं आधी तहसीलला विचारून यावं. मी चहा पाजून लावून दिलं.

सोबत सहा चकत्यांचे फोटो टाकलेत. तिसरी, मधाच्या रंगाची, ती त्या पोरानं पाण्यात कापलेली पहिली. माझ्यापेक्षा सरळ काप आलाय. ब्लेड आता संपत आलंय, पुढच्या आठवड्यात दोघं मिळून नवं आणणार आहोत, पैसे निम्मे निम्मे.