घाटाची जीप : मागच्या चाकापासून टाकीपर्यंत

सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप विलिस कंपनीने १९५३ साली अमेरिकेत बाजारात आणली आणि १९६८ पर्यंत ती तिथे बनत राहिली. भारतात महिंद्रने परवाना घेऊन हीच गाडी त्यानंतरही कित्येक वर्षे काढली. बॉनेट उंच आहे ते दिखाव्यासाठी नव्हे. आतल्या हरिकेन इंजिनाची इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे हे इंजिन आधीच्या जीपच्या इंजिनापेक्षा उंच झाले आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेट वर गेले. क्षमता २,१९९ सीसी, ताकद सुमारे ७५ अश्वशक्ती. बोअर ७९ मिलिमीटर आणि स्ट्रोक तब्बल १११ मिलिमीटर. अशा लांब स्ट्रोकचे इंजिन पळत नाही, ओढते. त्याची सर्वाधिक ओढ दोन हजार फेऱ्यांच्या आसपास मिळते. त्याच्यामागे तीन गिअरचा टी-९० बॉक्स, मग हाय आणि लो देणारा स्पायसर-१८ ट्रान्सफर केस, आणि दोन्ही अ‍ॅक्सलांत ५.३८ गुणोत्तराचे क्राऊन-पिनियन.

महाड-पोलादपूर भागात या जीपला जे काम पडते ते कापडे गावाच्या जागेवरूनच कळते. पोलादपूरहून महाबळेश्वरला निघालेली गाडी कापड्यावरून आंबेनळी घाटाला लागते. तिथूनच आत उमरठ-ढवळ्याकडे वाट फुटते. पोलादपूर ते महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर. एवढ्या अंतरात रस्ता सावित्रीच्या खोऱ्यातून सुमारे १,३५० मीटर उंचीच्या पठारावर चढतो. पावसाळ्यात दरडी, रस्त्यावर चिखल, वळणावर समोरून येणारी एसटी. दुसऱ्या बाजूला मुंबई-गोवा महामार्ग, ज्यावर आता ८० च्या वेगाने न चालणारी गाडी इतरांच्या वाटेतली अडचण ठरते. जुन्या जीपमध्ये सुधारणा करायची ती या दोन रस्त्यांसाठी.

अमेरिकेत या प्रकारचे काम बहुधा मसल कारवर होते. १९६४ च्या पाँटियाक जीटीओमध्ये ६.४ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन होते आणि कंपनी ३२५ अश्वशक्ती सांगत असे. तिथले कारागीर अशा गाडीला ओव्हरड्राइव्ह असलेला पाच गिअरचा बॉक्स आणि कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन बसवतात. गाडी वेगळी, ताकद चौपटीहून अधिक. तरी हिशेबाची रीत एकच. इंजिनातून निघालेली ओढ प्रत्येक टप्प्यावर गुणली जाते आणि ती शेवटी अ‍ॅक्सलच्या दांड्याला सोसावी लागते. म्हणून काम मागच्या चाकापासून सुरू करून पुढे टाकीपर्यंत नेणे हाच बरोबर क्रम आहे. पुष्कळ गॅरेजांत तो उलटा होतो. आधी मोठे इंजिन बसते, आणि मागचे हाउसिंग फुटले की मग त्याकडे लक्ष जाते.

कामाला हात घालण्याआधी कागदावर आकडे मांडावेत. टी-९० चा पहिला गिअर २.७९८, ट्रान्सफर केसचा लो २.४६, अ‍ॅक्सल ५.३८. तिन्ही गुणले की लो-पहिल्यात चाकाच्या एका फेरीसाठी इंजिनाच्या ३७ फेऱ्या होतात. ६.००-१६ मापाचा टायर एका फेरीत साधारण २.२ मीटर चालतो. म्हणजे इंजिन दोन हजारांवर असताना गाडी ताशी सात किलोमीटरने, माणसाच्या भरभर चालीने जाते. घाटात भरलेली जीप यावरच चढते आणि उतरते. टॉप गिअरमध्ये मात्र ताशी ८० किलोमीटरला तेच इंजिन सव्वातीन हजारांच्या वर फिरते. चार हजार फेऱ्यांना कमाल ताकद देणाऱ्या लांब स्ट्रोकच्या इंजिनाला ही घाई तासन्‌तास झेपत नाही.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे क्राऊन-पिनियन बदलून ४.२७ चे घालणे. महामार्गावर फेऱ्या २,६०० च्या आत येतात, पण लो-पहिल्याचा गुणाकार ३७ वरून २९ वर घसरतो. घाटातली पाचवा हिस्सा ओढ आणि तेवढाच इंजिनाचा आवर गेला. कापड्याच्या गाडीसाठी हा सौदा तोट्याचा आहे. ५.३८ तसेच ठेवून वर एक जास्तीचा हलका गिअर द्यावा, हे योग्य. स्पायसर-१८ च्या मागच्या पीटीओच्या तोंडावर बसणारा ओव्हरड्राइव्ह अमेरिकेत वॉर्न कंपनीने काढला होता. तो फेऱ्या २५ टक्क्यांनी कमी करतो, म्हणजे ताशी ८० ला सुमारे २,४५०. तो मिळणे कठीण, त्यामुळे इकडे महिंद्रच्या पुढच्या गाड्यांतला पाच गिअरचा बॉक्स अ‍ॅडॉप्टर प्लेट लावून बसवला जातो.

त्या बॉक्सची लांबी ही खरी अडचण. सीजे-३बी चा व्हीलबेस फक्त ८० इंच, सुमारे दोन मीटर. बॉक्स काही इंच लांब झाला की ट्रान्सफर केस मागे सरकतो आणि आधीच आखूड असलेला मागचा प्रोपेलर शाफ्ट आणखी आखूड होतो. शाफ्ट आखूड झाला की कोन वाढतो, आणि कोन वाढला की क्रॉस लवकर झिजतो. दोन्ही टोकांच्या जॉइंटांचे कोन सारखे असतील तरच एका क्रॉसने वेगात आणलेला चढउतार दुसरा क्रॉस खोडून काढतो. नाहीतर ठरावीक वेगाला फरशीतून घरघर येते आणि ती कितीही बॅलन्सिंग केले तरी जात नाही. शिवाय स्पायसर-१८ चे मागचे तोंड गाडीच्या मध्यावर नसून एका बाजूला असते, आणि मागच्या अ‍ॅक्सलचा गोळाही त्याच बाजूला. दुसऱ्या गाडीचा मधल्या तोंडाचा ट्रान्सफर केस लावला, तर शाफ्ट आडवाही तिरका जातो. मूळ ट्रान्सफर केस न बदलण्याचे हे सर्वांत भक्कम कारण आहे. त्याची बेअरिंगे, मधल्या गिअरची पिन आणि ऑइल सील नवी घातली की तो पुन्हा कित्येक वर्षे साथ देतो.

मागच्या अ‍ॅक्सलमध्ये हब टेपर दांड्यावर चावीने बसवलेला असतो. ओढ पोचते ती टेपरच्या घट्ट पकडीतून, चावी फक्त आधाराला. नट पुरेसा आवळला नाही तर सगळा भार चावीवर येतो, ती कापली जाते आणि चढावर इंजिन फिरते पण गाडी मागे येऊ लागते. पहिल्या फेरीनंतर हा नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचा असतो. ऑइलबाबतही एक भेद पाळावा: अ‍ॅक्सलच्या हायपॉइड दातांना जीएल-५ दर्जाचे ऑइल लागते, पण तेच गिअरबॉक्समध्ये ओतले तर ब्रासच्या सिंक्रो रिंगा झिजू शकतात, तिथे जीएल-४ घालावे. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर बुडाले. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून सुकली तरी तिच्या हाउसिंगमधले ऑइल दुधासारखे पांढरे झालेले असते. ब्रीदरला नळी जोडून तिचे तोंड बॉनेटच्या उंचीवर नेणे हे अगदी स्वस्तातले काम, आणि कोकणातल्या प्रत्येक जीपला ते हवे.

मूळ रचनेत लो लावायचा तर पुढची चाकेही जोडावी लागतात. ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या डांबरावर वळणावळणाने उतरताना पुढचे आणि मागचे अ‍ॅक्सल एकमेकांना पिळतात. स्टिअरिंग जड होते आणि क्रॉस तुटतात. पुढच्या चाकांना मोकळे होणारे हब बसवले की लो लावूनही फक्त मागची चाके ओढतात आणि हा पीळ राहत नाही. मात्र त्या वेळी सगळी ओढ एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर असते, म्हणून क्लच सोडताना पाय हलका हवा.

एवढे झाल्यावर इंजिनाचा विषय घ्यावा, आणि त्याच वेळी ब्रेकचाही. उतारावर थांबू न शकणाऱ्या जीपला चढायची जास्त ताकद देऊ नये, याला अपवाद नाही.

डिझेल इंजिनाचा मोह या भागात जुना आहे. १९८० च्या दशकात महिंद्रने एमएम ५४० मध्ये प्यूजोचे २,११२ सीसीचे एक्सडीपी ४.९० इंजिन दिले. ६२ अश्वशक्तीच्या त्या इंजिनाने पेट्रोलच्या खर्चातून पुष्कळांना सोडवले. तेच जुन्या सीजेत बसवताना केवळ माउंटिंग बदलून भागत नाही. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल मिटला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होतो आणि त्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेलला थ्रॉटल नाही, व्हॅक्यूमही नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो. इंजिनाच्या आवराबद्दलही समजूत तपासून घ्यावी. डिझेलचे कॉम्प्रेशन जास्त म्हणून ते गाडी जास्त रोखते असे म्हणतात, पण दाबलेली हवा बहुतेक शक्ती खाली जाताना पिस्टनला परत देते. उतारावर गाडी रोखून धरतो तो लो गिअर.

डिझेलच्या इंधनमार्गात सर्वांत मोठा शत्रू हवा. टाकीतून येणाऱ्या नळीला सुईएवढे छिद्र असले तरी डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते आणि गाडी चढावर धापा टाकते. नोझलमधून उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन पेट्रोलच्या टाकीला नसते; ती वेगळी जोडावी लागते. पाणी वेगळे करणारा फिल्टर आणि एअर काढण्यासाठी हातपंप, दोन्ही हाताला येतील अशा जागी हवेत, कारण घाटात पावसात खाली झोपून नट सैल करण्याची वेळ येतेच.

पेट्रोल ठेवायचे असेल तर आजची मुख्य अडचण इंधनच आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक पंपांवर पोचले. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते. मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम आणि जोडनळ्या आधी जातात. फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल थेट चेंबरच्या ऑइलमध्ये उतरू शकते, म्हणून डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला की गाडी जागेवर बंद करावी. इथेनॉल टाकीच्या तळचा जुना थरही सोडवते, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर वारंवार तुंबतो. शिवाय ते पाणी ओढते. कोकणच्या दमट हवेत महिनोन्‌महिने अर्धी भरलेली टाकी तळाशी पाण्याचा वेगळा थर साठवू शकते. टाकी सीटखाली असल्याने तिचा गंज काढणे आणि आतून लेप देणे टाळू नये. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाच्याच घ्याव्यात.

कार्ब्युरेटरच्या जेटचा प्रश्न घाटात फार रोचक होतो. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून शुद्ध पेट्रोलसाठी कोरलेली जेट या मिश्रणावर काही टक्के दुबळी पडते. उलट १,३५० मीटरवर हवा सुमारे १२ टक्के विरळ असते आणि कार्ब्युरेटर तिथे मिश्रण दाट करतो. परिणाम असा, की जुनी जेट पठारावर जवळजवळ योग्य ठरते आणि कापड्याला, जिथे पूर्ण भाराने चढ सुरू होतो तिथे, मिश्रण दुबळे होऊन इंजिन तापते. जेट मोठी केली तर महाबळेश्वरला काळा धूर. एका छिद्राने दोन्ही जागा साधत नाहीत. निवड करायचीच असेल तर पायथ्याशी जुळवावे, कारण दाट मिश्रण फक्त पेट्रोल खाते, दुबळे मिश्रण व्हॉल्व्ह जाळते.

इंजेक्शनचा खरा लाभ इथे आहे. हवेचा दाब मोजणारा सेन्सर प्रत्येक उंचीवर पेट्रोल जुळवतो. तीव्र चढावर फ्लोट कलंडून इंजिन गुदमरण्याचा प्रकारही संपतो. हरिकेनचे इनलेट मॅनिफोल्ड मात्र हेडमध्येच ओतलेले आहे. प्रत्येक सिलिंडरला वेगळे इंजेक्टर द्यायचे तर हेडलाच छिद्रे पाडावी लागतील. कार्ब्युरेटरच्या जागी एकच थ्रॉटल बॉडी बसवणे, हाच शहाणपणाचा मार्ग. मूळ पंप जेमतेम अडीच ते पावणेचार पौंड दाब देतो, इंजेक्शनला सिस्टिमनुसार त्याच्या कित्येक पट लागतो. म्हणून टाकीत बुडालेला विजेचा पंप, रेग्युलेटर, रिटर्न लाइन, दाब सोसणाऱ्या नळ्या, आणि अपघातात पंप बंद करणारा स्विच, हे सगळे एकत्रच घ्यावे. उलट चूकही होते: कार्ब्युरेटर ठेवून इंजेक्शनचा पंप लावला तर नीडल व्हॉल्व्ह तो दाब अडवू शकत नाही आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर सांडते. ही आग लावणारी चूक आहे. रिटर्न लाइनमुळे एप्रिल-मेच्या उन्हात हळू चढताना नळीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणेही जवळजवळ थांबते, कारण पेट्रोल फिरत राहते आणि नळीत तापत बसत नाही.

कागदपत्रांचा विचार कामाआधी करावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. वेगळ्या इंधनासाठी मंजूर किट बसवण्याची मुभा आहे, तीही अटींवर. रायगडच्या एमएच-०६ गाड्यांसाठी पेणच्या आरटीओ कार्यालयात आधी विचारून मग इंजिनाला हात लावावा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात असली तरच. ज्यांची सीजे अजून मूळ इंजिनावर चालते, त्यांनी ती पाने-बोल्टने परत काढता येईल अशाच बदलांवर ठेवावी आणि काढलेला प्रत्येक सुटा भाग जपून ठेवावा.

चाचणी रिकाम्या गाडीने करू नये. कापड्याहून निम्मा भार घालून आंबेनळी चढावा, अर्ध्यावर थांबून नळ्यांचे सांधे हाताने चाचपावेत, वर पोचल्यावर प्लग काढून रंग पाहावा: फिकट तपकिरी चांगला, पांढरा म्हणजे मिश्रण दुबळे, काजळी म्हणजे दाट. उतरताना लो लावून ब्रेक किती वेळा लागला ते ध्यानात घ्यावे आणि खाली आल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन एखादा इतरांपेक्षा जास्त तापला आहे का ते बघावे. नंतर मागच्या हबचे नट, प्रोपेलर शाफ्टचे यू-बोल्ट आणि इंजिनाचे माउंटिंग पुन्हा आवळावे. गिअरबॉक्सचे ऑइल पहिल्या हजार किलोमीटरला बदलून ते पांढऱ्या फडक्यावर ओतावे. त्यात बारीक चकाकणारा चुरा दिसणे स्वाभाविक, पण बोटाला टोचणारा कण सापडला तर बॉक्स उघडावा.