गिटारीची कळ

पुतण्याची विजेची गिटार मध्येंच मुकी होऊं लागली, तेव्हां ‘आतां नवी मागशील!’ असें मीं त्यास सर्वांदेखत सुनावलें. तो कांहीं बोलला नाहीं. गिटार अमेरिकेंत १९५४ सालीं निघालेल्या स्ट्रॅटोकॅस्टरच्या धाटणीची. तिच्या तारांखालीं तीन पिकअप असतात. त्यांपैकीं कोणता बोलवावयाचा, तें एक कळ ठरविते. मूळ कळीस तीनच स्थानें होतीं. वादक ती दोहोंच्या मध्यें अडकवून मिश्र स्वर काढीत. म्हणून १९७७ पासून पांच स्थानांची कळ आली.

कळ हलवितांच खरखर होऊन आवाज परते. तेव्हां दोष तिच्यांतच, हें पुतण्यानें ओळखलें. पाटी उघडली, तों मोडलें कांहींच नव्हतें. धातूच्या पट्ट्यांवर धूळ व काट बसला होता. साफ करण्याच्या औषधाचा एक फवारा मारून त्यानें कळ वीसएक वेळां फिरविली, आणि गिटार स्पष्ट बोलूं लागली. “पट्टीचा ताण गेला असता, तर मात्र कळ बदलावी लागली असती, काका,” तो म्हणाला.

रात्रीं पंक्तींत सर्वांदेखत मीं माझे शब्द परत घेतले.