घरच्या शेडमध्ये शेपर हवा का?

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्याकडे एक छोटा लेथ आणि ड्रिल मशीन आहे. एवढ्यावर बरेच काही भागते असे वाटत असतानाच कडबाकुट्टीची पुली बदलायचे काम आले. नवी पुली लेथवर तयार झाली, 25 मिमीचे भोकही नीट उतरले. पण शाफ्टवर पुली घसरू नये म्हणून भोकाच्या आत चावी बसायला सरळ खाच लागते. तिला कीवे म्हणतात. लेथवर जॉब गोल फिरतो. त्यात सरळ खाच कशी काढायची, हे मला सुचेना.

गल्लीच्या टोकाला जॉबवर्क करणारे एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. पुली हातात घेऊन ते म्हणाले, “लेथवर बी होतंय. जॉब फिरवायचा न्हाई, कॅरेज हातानं मागं-पुढं ओढायचं. पण शेपर असल्यावर एवढी झटापट कशाला?” शेपर हे नाव मी ऐकले होते, चालताना कधी पाहिला नव्हता. त्यांच्याकडचा 12 इंची शेपर कोपऱ्यात झाकून ठेवलेला होता. 12 इंच म्हणजे यंत्राची उंची असेल, अशी माझी समजूत. ती स्ट्रोकची, म्हणजे टूलच्या एका धावेची जास्तीत जास्त लांबी निघाली.

मामांनी मोटर चालू केली. रॅम नावाचा बिडाचा जाड दांडा पुढे-मागे सरकू लागला. त्याच्या तोंडाशी एकच टूल, आणि जॉब समोर टेबलावरच्या व्हाइसमध्ये घट्ट धरलेला. सुताराचा रंधा लाकडावर चालतो, तसे हे टूल लोखंडावर चालत होते. कापणे फक्त पुढे जाताना होते, मागे येताना काही नाही. अर्धा वेळ फुकट जात असेल, असे मला वाटले. मामांनी बाजूचे झाकण उघडून आतला बुल गिअर दाखवला. तो एकाच वेगाने फिरतो आणि त्यावरची पिन रॉकर आर्म नावाच्या खाचेच्या दांड्याला हलवते. फेऱ्यातले साधारण 220 अंश कापण्यात जातात, परतीला उरतात 140. त्यामुळे रॅम सावकाश पुढे जातो आणि झटकन मागे येतो.

मग माझ्या हातात एमएसचा एक तुकडा आला, सपाट करायला. आधी मशीन बंद ठेवून स्ट्रोकची लांबी लावायची. ती जॉबपेक्षा थोडी जास्त हवी. कट सुरू होण्याआधी मोकळी जागा जास्त, संपल्यावर कमी. परत येताना टूल जॉबवर घासून धार जाईल, ही मला भीती. पण टूल ज्या क्लॅपर बॉक्समध्ये बसते, त्याला वर बिजागरी असते. परतीच्या वेळी टूल आपोआप किंचित उचलले जाते. टेबल बाजूला सरकवणारा फीडही परतीच्या धावेतच व्हायला हवा. कट चालू असताना टेबल सरकले तर टूलवर आडवा ताण येतो, हे मला तेव्हा कळले.

टूल म्हणजे हायस्पीड स्टीलचा चौकोनी तुकडा, बेंच ग्राइंडरवर स्वतः धार लावलेला. मला इथे शेपरची खरी किंमत समजली. मिलिंगचा कटर महाग, आणि त्याची धार गेली की ती घरी लावणे माझ्यासारख्याला जमत नाही. शेपरच्या टूलला हवा तो आकार द्यावा: सपाट पृष्ठभाग, तिरकी डव्हटेल, व्ही-खाच, इंडेक्सिंगची सोय असेल तर गिअरचे दातसुद्धा. वेळ लागतो, पण घरी त्या वेळेची मजुरी कोणी मोजत नाही.

शेवटी पुली. 25 मिमी शाफ्टला चावी 8 मिमी रुंद, पुलीतली खाच 3.3 मिमी खोल. भोकातून जाईल अशा बारीक बारला टूल बांधले. अशा आतल्या खाचेसाठी क्लॅपर बरेचदा घट्ट बांधून ठेवतात. मामांनीही तसेच केले. प्रत्येक धावेला टूल अगदी थोडे पुढे द्यायचे. जास्त दिले की लांब बार थरथरतो आणि खाच खरबरीत होते. घाई सोडल्यावर चावी हाताच्या दाबाने बसली.

एवढे उपयोगी यंत्र कोपऱ्यात का पडते, हेही मी विचारले. शेपर इंग्लंडमध्ये जेम्स नॅस्मिथ यांनी 1836 मध्ये आणला. मिलिंगमध्ये अनेक दातांचा कटर न थांबता कापतो, शेपरमध्ये एकच टूल आणि तेही एका दिशेने. रोज शेकडो नग काढणाऱ्या कारखान्याने मिलिंग आणि पुढे सीएनसी निवडले, आणि शेपर भंगाराच्या भावाला आले. घरी नग एक किंवा दोनच असतात. अमेरिकेत डेव्ह गिंजरी यांनी भंगारातून घरचे मशिन शॉप उभारण्यावर पुस्तकांची मालिका लिहिली. त्यातला एक भाग शेपर बनवण्याचाच आहे.

माझे मत असे. लेथनंतर एकाच यंत्राची जागा असेल आणि खोलगट कप्पे काढायचे काम जास्त असेल, तर मिलिंग घ्यावे. पण लेथ आहे, कामे एकेका नगाची आहेत आणि चांगला जुना शेपर स्वस्तात मिळतोय, तर जरूर घ्यावा. घेण्याआधी तो चालवून पाहा: रॅमच्या सरकपट्ट्या झिजल्यात का, बुल गिअर खडखडतो का, व्हाइस डगमगते का. घरच्या मीटरवर सिंगल फेज मोटर चालेल का, तेही विचारा. रॅम मागेही बाहेर येतो, म्हणून मागे भिंतीपर्यंत मोकळी जागा सोडा. समोर गरम चिपा उडतात, तिथे पत्रा लावा आणि डोळ्यांना चष्मा. आणि रॅम हलत असताना जॉब मोजायला हात कधीही घालू नका.